चकाकत्या पोटाला भुलू नका: जुना क्विक-चेंज एक्सल ओळखणं आणि पुन्हा बांधणं

१९३२ च्या फोर्डवर बांधलेला हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदललेली जुनी गाडी, समोरून बघणारे पुष्कळ असतात. मागे जाऊन, गुडघ्यावर बसून, पेट्रोलच्या टाकीखाली डोकावणारा माणूस दिसला की समजावं, याला रोग लागलाय. तिथे त्याला दिसतं ते एक ओतीव पांढरं पोट, बाहेरून उभ्याआडव्या फासळ्या, मागे नटांनी आवळलेलं झाकण आणि त्या झाकणावर निर्मात्याचं नाव. हाच क्विक-चेंज, गिअर झटपट बदलता येणारा मागचा एक्सल. गाडी चालू झाली की त्यातून एक बारीक, चढत जाणारी शीळ येते. ती शीळ ज्याला आवडली तो पुढे दोन-तीन वर्षं जुन्या भागांच्या बाजारात हिंडतो आणि शेवटी एक पोट घरी घेऊन येतो.

मीही आणलं. कोल्हापुरात उद्यमनगराच्या आसपास वाढल्यामुळे ओतकामाचं मला अप्रूप, म्हणून मी फक्त ओतकाम बघितलं आणि पैसे मोजले. एक्सलची टोकं बघितलीच नाहीत. त्या चुकीची किंमत पोटाच्या किमतीच्या जवळपास गेली. तेव्हा नवख्यांसाठी हा लेख लिहिताना माझा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे: क्विक-चेंजमधला 'क्विक' भाग सोपा असतो. घात होतो तो दोन्ही बाजूंना लटकलेल्या जुन्या फोर्डच्या सामानात.

आत चालतं काय

साध्या गाडीत इंजिनाची ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट पुढून येतो, त्याच्या टोकाला पिनियन हा छोटा गिअर, पिनियन चाकांकडे ताकद नेणाऱ्या मोठ्या गिअरला, म्हणजे क्राऊनला, फिरवतो, संपलं. रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या किती फेऱ्या, तो बदलायचा तर अख्खा क्राऊन-पिनियन सेट बदला, शिम (पातळ चकत्या) लावा, दिवसभर बसा.

क्विक-चेंजमध्ये ताकद आधी क्राऊनला वळसा घालून मागे जाते. पुढून आलेला शाफ्ट डिफरन्शियलच्या (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीच्या) खालून थेट मागच्या झाकणापर्यंत पोचतो. तिथे त्याच्यावर एक सरळ दात्यांचा गिअर बसतो. त्याच्या वर दुसरा तसाच गिअर, आणि तो वरचा गिअर पिनियनच्या शेपटाला. म्हणजे पिनियन मागून पुढे तोंड करून क्राऊनला भिडतो. मागचं झाकण काढलं की हे दोन गिअर हाताने सरकवून बाहेर येतात. वरचा खाली, खालचा वर केला की रेशो बदलला. दुसरी जोडी टाकली की तिसरा, चौथा.

ही सोय हौशी लोकांसाठी निघाली नव्हती. अमेरिकेत मातीच्या गोल ट्रॅकवर शर्यती व्हायच्या. आज अर्ध्या मैलाचा ट्रॅक, पुढच्या आठवड्यात एक मैलाचा, दुपारी ओला, संध्याकाळी कोरडा. प्रत्येक वेळी रेशो वेगळा हवा. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात टेड हॅलिब्रँडने मॅग्नेशियमची चाकं आणि क्विक-चेंज ओतायला घेतले, आणि १९५० च्या दशकात इंडियानापोलिसच्या गाड्यांखाली त्याचाच माल दिसू लागला. एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर आणि बोनव्हिलच्या मिठागरावर वेगाचे विक्रम करायला जाणाऱ्या पोरांनी तोच माल फोर्डच्या एक्सलला जोडला, आणि तिथून तो रस्त्यावरच्या हॉट रॉडमध्ये उतरला.

हिशेब, एकदाच नीट

मूळ रेशो गुणिले वरच्या गिअरचे दाते, भागिले खालच्या गिअरचे दाते. इतकंच.

समजा आत फोर्डचा ३७ दात्यांचा क्राऊन आणि ९ दात्यांचा पिनियन आहे. रेशो ४.११. मागे खाली २४ आणि वर २८ दात्यांचा गिअर असेल तर ४.११ × २८ ÷ २४, म्हणजे ४.८०. हेच गिअर उलटे टाकले तर ३.५२. टायरचा व्यास २८ इंच धरला तर ताशी ६० मैलांना पहिल्या जोडणीत इंजिन साधारण ३,४५० फेऱ्यांवर ओरडत असेल आणि दुसऱ्या जोडणीत २,५४० वर निवांत असेल. शनिवारी सकाळी ड्रॅग स्ट्रिपवर पहिली, दुपारी घरी येताना दुसरी.

दोन शाफ्टमधलं अंतर ठरलेलं असल्यामुळे जोडीतल्या दात्यांची बेरीज जवळपास तीच राहते. म्हणून एक गिअर एका दुकानातून आणि दुसरा शेजाऱ्याकडून असं जमत नाही. गिअर जोडीनेच घ्यायचे, जोडीनेच जपायचे. माझ्याकडे प्रत्येक जोडी तारेत ओवलेली आहे आणि तारेला पत्र्याचा बिल्ला.

कोणाचं पोट आहे हे

पहिली खूण झाकणावरचं ओतीव नाव. हॅलिब्रँडच्या पोटावर नावाबरोबर गावही असतं: जुन्या मालावर कल्व्हर सिटी, नंतरच्यावर टॉरन्स. कल्व्हर सिटी दिसलं की विकणारा आवाज चढवतो आणि किंमतही. त्याच काळात पॅट वॉरेन आणि सायक्लोन हे निर्मातेही होते. फ्रँकलंड आणि पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कचे विंटर्स हे शर्यतीच्या दुनियेत ओळखीचे, आणि विंटर्सचा माल आजही नवा मिळतो. म्हणून नाव दिसलं तरी लगेच 'जुना' म्हणू नका. ओतकामाचा पोत, आतल्या कोपऱ्यांतला काळा चिकटा, नटांचं वय हे सगळं एकमेकांशी जुळायला हवं. दुसरं म्हणजे झाकण एकाचं आणि पोट दुसऱ्याचं असू शकतं. झाकणं शर्यतीत फुटायची, मिळेल ते लावलं जायचं.

नावापेक्षा महत्त्वाचं, ते कशासाठी ओतलं होतं. मुख्यतः तीन कुळं समोर येतात. मिजेट, म्हणजे शर्यतीच्या छोट्या गाड्यांचं पोट लहानखुरं असतं, काहींना पुढे गुंतवण्या-सोडवण्याचा दांडा असतो, कारण त्या गाड्यांना गिअरबॉक्सच नसायचा, ढकलून सुरू करायच्या. रस्त्यावरच्या व्ही-८ इंजिनाखाली हे लावू नका, कितीही स्वस्त मिळो. दुसरं कुळ स्प्रिंट आणि इंडी या शर्यतीच्या मोठ्या गाड्यांचं: दणकट, पण त्याचे एक्सल, नळे, हब सगळं स्वतःचं, आणि ते सोबत नसेल तर तुम्ही एक सुंदर पेपरवेट विकत घेतलंय. तिसरं 'व्ही-८' कुळ. हे फोर्डच्या १९३० आणि ४० च्या दशकांतल्या मागच्या एक्सलचं मधलं पोट काढून त्या जागी बसायला केलेलं. दोन्ही बाजूंचे कर्ण्याच्या आकाराचे नळे फोर्डचेच राहतात. अमेरिकेत त्या नळ्यांना 'बेल' म्हणतात, मीही तेच म्हणतो. नवख्याने हेच कुळ शोधावं.

मग स्प्लाइन, म्हणजे गिअरला शाफ्टवर अडकवणाऱ्या खाचा, मोजा. गिअरच्या आतल्या स्प्लाइन काही पोटांत ६ असतात, काहींत १०. गिअरच्या जोड्या स्वस्त मिळाल्या म्हणून आधी घेऊन ठेवणाऱ्यांची फजिती इथेच होते.

धातू ओळखा, आणि इथे थट्टा नको

जुनी पोटं ॲल्युमिनियमची असतात किंवा मॅग्नेशियमची. वजनात फरक कळतो, त्याच आकाराचा मॅग्नेशियमचा तुकडा ॲल्युमिनियमच्या दोन-तृतीयांशाइतकाच भरतो. पण चिखल-तेलाने माखलेलं पोट हातात घेऊन हा अंदाज करता येत नाही. न दिसणाऱ्या कोपऱ्यात कानशीने थोडी जागा उघडी करा आणि स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच बुडबुडे फसफसतात. ॲल्युमिनियम गप्प बसतं.

हे कळणं दोन कारणांनी गरजेचं. मॅग्नेशियमचा किस आणि भुगा पेट घेतो, आणि पेटला की पाणी मारायचं नाही, पाण्याने तो भडकतो. ग्राइंडर, वेल्डिंग, गॅसची ज्योत यांपासून तो लांब ठेवा. भुगा साठू देऊ नका, कोरडी वाळू हाताशी ठेवा. दुसरं कारण धुण्याचं. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोड्याची गरम टाकी खाऊन टाकते. मॅग्नेशियमला आम्ल खातं. जुन्या गॅरेजवाल्याला 'टाकीत बुडवून दे' म्हणून पोट दिलं आणि धातू न सांगता निघून आलात तर परत मिळेल ते पोट नसेल, चाळण असेल. मी दोन्हींना रॉकेल, नायलॉनचा ब्रश आणि धीर वापरतो. तिसरी गोष्ट बाजारात मिळत नाही.

मॅग्नेशियमवर पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले तर तो गंज आहे. पोलादी बोल्ट जिथे ओलाव्यात धातूला टेकून राहिले तिथे तो सगळ्यात खोल जातो. बोल्टच्या भोकाभोवती नखाने खरवडा. भुकटी नखाला आली तर चालेल, पापुद्रा निघाला तर किंमत पाडा, बेअरिंग बसण्याच्या जागेला गंज लागला असेल तर निघून या.

पैसे देण्याआधी

मागचं झाकण उघडू देत नसेल तर विकत घेऊ नका. उघडल्यावर गिअर हाताने सरकले पाहिजेत, हातोडी लागता कामा नये. दात्यांच्या टोकांचे टवके, दात्याच्या मध्यावरचे खड्डे बघा. खालचा शाफ्ट धरून वर-खाली हलवा. बोटाला खडखड जाणवली तर बेअरिंग गेलं, किंवा बेअरिंग बसण्याची जागाच मोठी झाली. बेअरिंग स्वस्त आहे. जागा मोठी होणं महाग, कारण लेथवर बुश बसवून पुन्हा बोअर मारावं लागतं, आणि मॅग्नेशियमला हात लावायला तयार असलेला टर्नर शोधावा लागतो.

चाकं जोडलेली असतील तर एक चाक फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर डिफरन्शियल उघडं आहे, छान. दुसरंही त्याच दिशेने फिरलं तर आत लॉक केलेलं आहे, शर्यतीतली वस्तू. सरळ रस्त्यावर चालेल, पण प्रत्येक वळणावर टायर घासतील आणि एक्सलवर ताण येईल.

आता खाली बसा आणि फोर्डच्या टोकांकडे बघा. मी बसलो नव्हतो.

१९४८ पर्यंतच्या फोर्डमध्ये मागच्या चाकाचं बेअरिंग एका विचित्र पद्धतीने चालतं. रोलर हबमध्ये असतात आणि ते थेट बेलच्या टोकावर फिरतात. आतली रिंग म्हणून वेगळा भाग नाही, बेलचं कडक केलेलं टोक हीच आतली रिंग. ऐंशी वर्षांत त्या टोकावर खोबण पडते, तळाशी जास्त, कारण वजन तिथे. मायक्रोमीटर नसेल तर नख फिरवा. बेअरिंगच्या आतल्या कडेला, जिथे रोलर पोचत नाही, तिथे पायरी लागली की टोक झिजलंय. त्यावर स्लीव्ह बसवता येते, पण टोक ग्राइंड करून, मापात. माझ्या दोन्ही टोकांना लागल्या.

एक्सलचं बाहेरचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब बसतो आणि मध्ये एक चावी, म्हणजे दोघांच्या खाचांत बसणारा पोलादी तुकडा. चावीची खाच हाच एक्सलचा कमकुवत कोपरा. तडा तिथूनच निघतो आणि तिरका चढतो. त्यात या एक्सलची रचना अशी की एक्सल तुटला तर चाक धरून ठेवायला फारसं काही उरत नाही, चाक हबसकट गाडीच्या पुढे निघून जातं. शर्यतवाल्यांनी म्हणूनच वेगळे सुरक्षा हब बनवले. निमुळत्या भागावर गोल खरवड, निळसर डाग किंवा पितळेचा पत्रा गुंडाळलेला दिसला तर समजा, कोणीतरी ढिला हब घट्ट करायला जुगाड केलाय. एक्सल भंगारात घाला, हबही तपासा.

उघडताना

हब काढायला हबला पकडणारा योग्य पुलर लागतो. एक्सलच्या टोकावर नट चढवून हातोड्याचे घाव घालायची एक जुनी रीत आहे, ती विसरा. घाव सरळ आत डिफरन्शियलपर्यंत जातो. पुलर ताणून ठेवा, रात्रभर सोडा, सकाळी धाडकन आवाज होऊन हब सुटलेला असतो. नट पूर्ण काढू नका, शेवटच्या दोन आट्यांवर ठेवा, नाहीतर हब तुमच्या पायावर.

मग तेल काढा, मागचं झाकण, गिअर, आणि त्यानंतर बेल सोडवा. बेल आणि पोट यांच्यामधली कागदी पॅकिंग फेकू नका. कोणत्या बाजूला किती होती, किती जाडीची होती, हे लिहून ठेवा. या पॅकिंग नुसती तेल अडवत नाहीत. डिफरन्शियलची बेअरिंगं बेलमध्ये बसतात, त्यामुळे पॅकिंगची जाडी बेअरिंगचा दाब ठरवते आणि क्राऊन डावीकडे-उजवीकडे किती सरकेल हेही. कोणी सिलिकॉन फासून ती जागा भरली असेल तर मागच्या माणसाच्या कामाबद्दल कळायचं ते कळलं.

एक्सल डिफरन्शियलमधून सरळ ओढून निघत नाहीत, जोर करू नका. फोर्डने एक्सलच्या आतल्या टोकाचा गिअर एक्सलमध्येच घडवलेला आहे. डिफरन्शियलची पेटी दोन भागांत उघडावी लागते. आधी दोन्ही अर्ध्यांवर खूण ठोका. बोल्टांना ओवलेली तार असते, ती नीट बघा, कारण तशीच परत ओवायची आहे. फोनवर फोटो काढा. तीन आठवड्यांनी आठवतं असं वाटतं, आठवत नाही.

सुटं झालं की तपासणी. पोलादी भागांना, एक्सल, क्राऊन, पिनियन यांना चुंबकीय कणांची तपासणी करून घ्या. इंजिन बांधणाऱ्या दुकानांत होते. पोटाला ती चालत नाही, कारण ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम चुंबकाला जुमानत नाहीत. त्यासाठी लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर यांचा डबा मिळतो: रंग लावा, पुसा, पांढरं फवारा, तडा असेल तर लाल रेघ उमटते. बेअरिंगच्या जागा, झाकणाच्या स्टडभोवतीचा भाग, आणि पुढे जिथे शाफ्टची नळी जोडली जाते ती फट नीट बघा.

जुळणी

आटे गेलेल्या भोकांत हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारं तारेचं वेटोळं, बसवा. मोठं भोक पाडून मोठा बोल्ट टाकायचा मोह टाळा. बेअरिंग बसवायला पोट ओव्हनमध्ये पाणी उकळण्याच्या तापमानाच्या आसपास तापवा, बेअरिंग फ्रीझरमध्ये थंड करा, ते जवळजवळ स्वतःहून जागेवर पडतं. हे नवऱ्याने किंवा बायकोने स्वतःच्या घरच्या ओव्हनमध्ये करायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या संसाराचा प्रश्न. मी भंगारातून एक जुना ओव्हन आणला.

पिनियनला आधी एकट्याला बसवा. त्याच्या निमुळत्या रोलर बेअरिंगांना हलका दाब हवा: बोटांनी फिरवताना थोडा जडपणा, पण कुठेही अडखळ नाही आणि ढकलल्यावर जराही हालचाल नाही. पोट गरम झालं की ते पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि हा दाब कमी होतो, म्हणून थंड असताना 'अगदी मोकळा' बसवलेला पिनियन रस्त्यावर ढिला पडतो.

आता क्राऊन. क्राऊन गाडीच्या डाव्या अंगाला यायला हवा, गाडीत बसून पुढे बघत असताना तुमचा डावा हात. पिनियन मागून आलाय, म्हणजे सगळं उलट होईल असं डोकं सांगतं. पण मागची दोन गिअरांची जोडी फिरण्याची दिशाही उलटवते, आणि दोन उलट मिळून सुलट होतं. शिवाय पिनियन आपल्या शेपटाकडून बघितला तर फोर्डमध्ये फिरायचा तसाच फिरतो, त्यामुळे दात्यांची कामाची बाजूही तीच राहते. क्राऊन चुकून उजवीकडे बसवला तर तीन गिअरच्या जुन्या फोर्डला एक पुढचा आणि तीन मागचे गिअर मिळतात. हा विनोद वाटतो. अनेकांनी तो स्वतःच्या अंगणात केलाय.

दात्यांमधला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, डायल गेजने मोजा. ०.००६ ते ०.०१० इंच, म्हणजे साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर. क्राऊनभोवती चार जागी मोजा. जागोजागी खूप वेगळा आला तर क्राऊन सपाट बसलेला नाही, खाली कचरा आहे. प्ले जास्त असेल तर एका बाजूची पॅकिंग काढून दुसऱ्या बाजूला घाला. एकूण जाडी तीच ठेवली की बेअरिंगचा दाब बदलत नाही, फक्त क्राऊन सरकतो.

त्यानंतर दात्यांना खुणेचा रंग पातळसा लावा, क्राऊनला हाताने थोडं अडवून पिनियन गाडी पुढे जाताना फिरतो त्या दिशेने फिरवा. उमटलेला ठसा दात्याच्या मधोमध हवा. ठसा दात्याच्या मुळाशी उतरला असेल तर पिनियन फार आत गेलाय, मागे घ्या. माथ्यावर चढला असेल तर पिनियन आत सरकवा. प्रत्येक वेळी पिनियन हलला की प्ले पुन्हा मोजायचा. पाच-सहा वेळा उघड-मिट होते. पहिल्यांदा करत असाल तर शेवटचा ठसा एखाद्या जुन्या जाणत्याला दाखवा. कागदावर टेपने उचलून नेता येतो, पोट उचलून न्यायची गरज नाही.

बोल्ट टॉर्कवर आवळा, तार ओवा. तार अशी ओढायची की ती बोल्टला आवळण्याच्या दिशेने खेचेल. बेल बंद. नवी ऑइल सील. मागच्या झाकणाच्या पॅकिंगला फक्त पोटाच्या बाजूने गोंद आणि झाकणाच्या बाजूने ग्रीस, म्हणजे गिअर बदलताना पॅकिंग फाटत नाही. ही एक युक्ती मला कोणीतरी फुकट सांगितली होती आणि तिने मला बरंच वाचवलं.

हब चढवताना निमुळता भाग आणि हबचं भोक कोरडं, तेलाचा थेंबही नको. घट्टपणा निमुळत्या पकडीतून येतो. चावी नुसती साक्षीला. नट किमान २०० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २७० न्यूटन-मीटरला आवळा. कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळा, मागे कधीच सोडू नका.

गाडीखाली बसवताना

जुन्या फोर्डमध्ये प्रोपेलर शाफ्ट एका जाड नळीच्या आत असतो. ती नळी नुसतं झाकण नाही, एक्सलला मागे कलंडण्यापासून तीच धरून ठेवते. क्विक-चेंज त्या नळीसह वापरता येतो. पण हल्लीचा गिअरबॉक्स लावायचा म्हणून उघडा शाफ्ट घातलात तर तो कलंडण्याचा जोर घ्यायला वेगळा दणकट दांडा हवा. फोर्डचे मूळचे बारीक तिरके दांडे हे काम एकट्याने करू शकत नाहीत.

दुसरं माप मागच्या आडव्या पट्टीचं. क्विक-चेंजचं पोट मागे लांब जातं. मॉडेल ए आणि १९३२ च्या चेसीत ते पट्टीला किंवा आडव्या स्प्रिंगला भिडू शकतं. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर किती जागा उरते ते मोजा, आणि झाकण मागे ओढून गिअर काढायला हात जाईल का तेही. टाकी उतरवल्याशिवाय झाकण निघत नसेल तर नावातला 'क्विक' गेला. ब्रेकचंही बघा: फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ पासून दिले, त्याआधीच्या बेलला सळीचे ब्रेक असतात.

भारतात कोणी मुंबईच्या व्हिंटेज रॅलीतला फोर्ड बघून हे करायच्या विचारात असेल तर थांबा. तिकडच्या गाड्यांचं मोल त्या मूळ स्वरूपात असण्यात आहे, आणि रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. सुटा क्विक-चेंज बाकावर बांधून ठेवायला मात्र कायदा आड येत नाही.

पहिले मैल

जाड गिअर ऑइल, बाजूच्या प्लगच्या पातळीपर्यंत. आधी स्टँडवर, चाकं हवेत, हाताने. मग इंजिनवर हळू, दहा मिनिटं. पोटाला हात लावून बघा: कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर कुठलंतरी बेअरिंग आवळलंय. शीळ येणारच, सरळ दात्यांची ती जातच आहे. वेग धरलेला असताना शीळ एकसुरी हवी. ॲक्सिलरेटर सोडल्यावर वेगळाच घुर्र आवाज आला तर मागच्या गिअरांवर संशय घेऊ नका, क्राऊन-पिनियनचा ठसा पुन्हा बघा.

पन्नास मैलांनंतर हबचे नट पुन्हा टॉर्कवर तपासा. जवळजवळ नेहमी थोडे फिरतात. दोन-तीनशे मैलांनंतर तेल काढून पांढऱ्या ताटलीत ओता आणि उन्हात धरा. बारीक करडी चमक नव्या दात्यांची असते. बोटाला टोचणारा कण सापडला तर झाकण उघडा. आता ते उघडायला तुम्हाला दहा मिनिटं लागतात.